इवूड पार्कवर एकदा या

प्रति,
श्रीमती अनुराधा देसाई, श्री. व्यंकटेश राव आणि श्री. बालाजी राव,
वेंकीज समूह, पुणे.



७ मे २०१२, सोमवार. इंग्लंडात त्या दिवशी सुट्टी होती आणि इवूड पार्कवर पाऊस कोसळत होता. ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन. हा सामना हरला की रोव्हर्स प्रीमियर लीगच्या बाहेर, हे सगळ्यांना ठाऊक होते. खेळ चालू असताना कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. भिजलेली, बावरलेली ती कोंबडी हिरवळीवर सैरावैरा धावत राहिली. ८७व्या मिनिटाला विगनचा गोल झाला, रोव्हर्स ०-१ने हरले आणि अव्वल श्रेणीतला अकरा हंगामांचा मुक्काम संपला. दुसऱ्या दिवशी देशोदेशींच्या वृत्तपत्रांत फोटो झळकला तो त्या कोंबडीचा.

क्लब आपल्या मालकीचा आणि आपला व्यवसाय कुक्कुटपालनाचा, म्हणून ती कोंबडी. पुण्यात तो फोटो पाहताना आपल्याला अपमान वाटला असेल, आणि तो वाटणे साहजिक होते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पाया घातला. परसात दाणे टिपणाऱ्या कोंबडीचा या देशात उद्योग झाला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्या घराण्याच्या नावाची परक्या देशात अशी थट्टा व्हावी हे कुणाही मराठी वाचकाला रुचणार नाही. पण हे पत्र त्या रात्रीपेक्षा नंतरच्या वर्षांबद्दल आहे. त्या रात्री इवूडवरची माणसे निदान ओरडत होती. पुढे त्यांतली हजारो गप्प झाली, आणि काळजी करायला हवी ती या गप्प झालेल्यांची.

जुने समर्थक फुटबॉलपासून दूर का जातात, यावर इंग्लंडात गेली कित्येक वर्षे बोलले जाते आहे. तिकिटे महागली, टीव्हीने सामन्यांच्या वेळा पळवल्या, व्हीएआर या व्हिडिओ पंच-पद्धतीने गोलचा आनंद लांबणीवर टाकला, खेळाडू दर दोन वर्षांनी क्लब बदलतात. ही कारणे खरी आहेत. ब्लॅकबर्नची गोष्ट मात्र या सगळ्याच्या तळाशी नेते, आणि तिचे एक टोक पुण्यात आहे. म्हणून हे पत्र मराठीत.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले जेमतेम सव्वा लाख वस्तीचे गाव. कापड गिरण्यांवर वाढलेले आणि गिरण्यांबरोबर खचलेले. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला त्याच्या गल्ल्या ओळखीच्या वाटतील. तिथला क्लब १८७५ साली स्थापन झाला. १८८८ साली इंग्लंडात जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होते. १९९२ साली प्रीमियर लीग जन्माला आली तेव्हाही ते होते. दोन्ही वेळा हजर असलेले क्लब तीनच: अॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. एफए कप सहा वेळा जिंकला, त्यांतले पाच तर १८९१पर्यंतच. १८९०पासून घर एकच, इवूड पार्क. सदरा अर्धा निळा, अर्धा पांढरा. बिल्ल्यावर लॅटिनमध्ये ब्रीद कोरलेले आहे, त्याचा अर्थ ‘कौशल्याने आणि कष्टाने’.

या माणसांना पराभव नवा नव्हता. १९६६ साली रोव्हर्स अव्वल श्रेणीतून घसरले ते परतले थेट १९९२ साली. सव्वीस वर्षे! मधल्या काळात तिसऱ्या श्रेणीचे दिवसही पाहिले. एक अख्खी पिढी मोठा विजय न पाहता मैदानावर जात राहिली. हरण्याने समर्थक तुटत असता तर ब्लॅकबर्नमध्ये १९८०च्या आधीच कुणी उरले नसते.

मग जॅक वॉकर आले. गावातलेच. वडिलांचा पत्र्याचा धंदा त्यांनी भावाबरोबर वाढवला, पोलादाचा मोठा व्यापार उभा केला आणि तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला. त्या पैशातून त्यांनी लहानपणापासूनचा आपला क्लब उभा केला. केनी डालग्लिश मॅनेजर, पुढच्या फळीत अॅलन शिअरर आणि ख्रिस सटन. १४ मे १९९५ला लिव्हरपूलच्या मैदानावर रोव्हर्स शेवटच्या क्षणी १-२ने हरले, पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले होते. एका गुणाने विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळाले. पैशाने खेळ बिघडतो असे म्हणणाऱ्यांनी वॉकर यांनाही सोडले नव्हते; विजेतेपद विकत घेतले, असे इतर गावांत तेव्हा बोलले गेले. त्या बोलण्यात तथ्यही होते. तरी ब्लॅकबर्नमध्ये त्यांचा पुतळा उभा आहे तो केवळ पैशासाठी नाही. ते गावातल्या बाकीच्यांसारखेच या क्लबचे समर्थक होते. ऑगस्ट २००० मध्ये ते गेले.

नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकर ट्रस्टकडून आपण क्लब घेतला. किंमत २.३ कोटी पौंड, शिवाय कर्जाचा बोजा. प्रीमियर लीगमधल्या क्लबची मालकी भारतीयांकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. पुण्यात अभिमान वाटला, आणि ब्लॅकबर्नमध्येही सुरुवातीला कुतूहलच होते. त्या गावात गुजराती आणि पाकिस्तानी मुळांची कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत; भारतातून मालक येतात यात कुणाला वावगे वाटायचे कारण नव्हते.

महिन्याभरात संघ तेराव्या स्थानावर असताना सॅम अॅलरडाइस यांना काढले गेले. अनुभवी मॅनेजरच्या जागी त्यांच्या हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन आले. पुढल्या वर्षी खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खात असल्याची जाहिरात टीव्हीवर आली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला येऊन पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. पुणेकरांनी प्रीमियर लीगचा संघ आपल्या शहरात पाहिला, याचे मोल नाकारायचे कारण नाही. मात्र त्याच वेळी रोव्हर्स लीगच्या तळाशी झुंजत होते, आणि गावातला माणूस विचारत होता की हा क्लब नक्की कशासाठी घेतला आहे. त्याला उत्तर कुणी दिले नाही.

खालच्या श्रेणीत घसरल्यावरचा २०१२-१३चा हंगाम आठवून पाहा. हेनिंग बर्ग हे १९९५च्या विजेत्या संघातले खेळाडू, घरचेच माणूस. मॅनेजर म्हणून टिकले ५७ दिवस. त्यांच्यानंतर आलेले मायकेल अॅपलटन ६७ दिवस. नवा माणूस का आला आणि जुना का गेला, हे गावाला वर्तमानपत्रांतल्या अंदाजांवरून कळत होते. निर्णय पुण्यात होतात, एवढेच सगळ्यांना माहीत. पुण्यात कुणाला विचारायचे, ते कुणालाच माहीत नाही.

२०१६ साली समर्थकांनी एक निषेध केला. क्लबचे स्थापना वर्ष १८७५, म्हणून १८व्या मिनिटापर्यंत आत जायचे नाही आणि ७५व्या मिनिटाला उठून निघायचे. कल्पना करून पाहा: हातात वर्षभराचे पैसे भरलेले तिकीट आहे, आत शिट्टी वाजली आहे, भिंतीपलीकडून चेंडूला लाथ बसल्याचा आवाज येतो, थोड्या लोकांचा हाकारा येतो, आणि आपण थंडीत बाहेर उभे. शेजारी उभा असलेला माणूस चाळीस वर्षे आपल्या पुढच्या रांगेत बसत आला आहे. कुणी फार बोलत नाही. अठरा मिनिटे झाल्यावर सगळे निमूट आत शिरतात. माणूस आपल्याच संघाचा खेळ स्वतःला नाकारून घेतो, तेव्हा त्याला फार काही सांगायचे असते.

तो हंगाम संपला तेव्हा रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले होते. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी पहिल्यांदाच आली. आपण क्लब घेतला त्या हंगामात इवूडवर सामन्याला सरासरी २५ हजारांच्या घरात माणसे असत. २०१६-१७ मध्ये तो आकडा १३ हजारांच्या आसपास आला. सव्वा लाखाच्या गावात गळालेली ही बारा हजार माणसे म्हणजे दर दहांतला एक.

पण पुढच्याच वर्षी टोनी मोब्रे यांच्या संघाने पहिल्या फटक्यात वरची श्रेणी परत मिळवली आणि हंगामाच्या शेवटी स्टँड पुन्हा भरले. म्हणजे जीव गेलेला नव्हता, थोडी फुंकर मिळताच निखारा पेटला. मालकांच्या लेखी या माणसांचे मोल काय, हा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

आपली बाजूही मांडायला हवी. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या कुटुंबाने या क्लबमध्ये वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे. खेळाडूंची अकादमी वरच्या दर्जाची राखली आहे. अलीकडे भारतातल्या तपास यंत्रणांच्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, ती अडचणही खरी होती. ब्लॅकबर्नपासून जवळच्याच बरी या गावाचे नशीब याहून वाईट निघाले. तिथला १८८५चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८च्या डिसेंबरात तो एक पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ला लीगमधून काढून टाकला गेला. त्या दिवशीसुद्धा आपला क्लब वाचेल या आशेने लोक झाडू घेऊन गिग लेनच्या मैदानावर स्टँड साफ करायला आले होते. आपण ब्लॅकबर्नवर तशी वेळ येऊ दिली नाही. हे तिथले समंजस समर्थकही मान्य करतात.

तरीही ते दुरावतात. कारण आता त्यांना मिळणारे घाव लहान आहेत आणि वरचेवर आहेत. २०२२-२३ मध्ये रोव्हर्स केवळ गोलफरकामुळे, वरच्या श्रेणीत जाण्याची संधी देणाऱ्या प्ले-ऑफला मुकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हार्टन विकला गेला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला मुलगा. मोठा भाऊ स्कॉटही याच संघात. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो संघात होता, आणि २०२५ साली क्रिस्टल पॅलेससाठी एफए कप जिंकला. छोट्या क्लबला असा खेळाडू विकावा लागतो, हे कळण्याइतके ते लोक जाणते आहेत. विकून आलेल्या पैशातून पुढे काय करायचे ठरले आहे, एवढेच त्यांना कुणी समजावून सांगत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानावर, म्हणजे प्ले-ऑफच्या जागेत, असताना मॅनेजर जॉन युस्टेस स्वतः होऊन निघून गेले, आणि गेले कुठे, तर तळाशी धडपडणाऱ्या डर्बीकडे. वरच्या क्रमांकावरचा माणूस खालच्या क्रमांकावर जाणे पसंत करतो, याचा अर्थ इवूडवरच्या प्रत्येकाने आपापल्या परीने लावला.

त्याच वर्षी महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. त्या श्रेणीच्या नव्या अटींसाठी लागणारा खर्च करायचा नाही, असे ठरले होते. इंग्लंडला युरो जिंकून देणाऱ्या कीरा वॉल्श आणि जॉर्जिया स्टॅनवे ब्लॅकबर्नच्याच संघातून पुढे आल्या. गावातल्या मुलींनी आता कुणाकडे पाहायचे?

व्यापक चित्र पाहिले तर हेच सगळीकडे दिसते. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या सहा बड्या क्लबांनी युरोपीय सुपर लीगचा घाट घातला, तेव्हा त्या योजनेतला एक शब्द बाहेर फुटला. गावातल्या जुन्या समर्थकांना त्यात ‘वारशाने आलेले’ म्हटले होते. भविष्यातले गिऱ्हाईक निराळे, दूरदेशी टीव्हीसमोर बसलेले. दोन दिवसांत लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर चेल्सीच्या समर्थकांनी रस्ता अडवला, संघाची बस अडकली, आणि ती लीग जागीच कोसळली. त्याआधी २०१६ साली लिव्हरपूलच्या दहा हजार माणसांनी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७व्या मिनिटाला मैदान सोडले होते आणि मालकांनी दर मागे घेतले होते. तिथल्या मालकांनी ऐकले, कारण जगाचे लक्ष होते. ब्लॅकबर्नकडे जगाचे लक्ष नाही. ब्लॅकबर्नच्या माणसाकडे आहात फक्त आपण.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. २०१० साली कंपनीने तो बंद केला. बालेवाडीला रोव्हर्सशी खेळलेला पुणे एफसी काही वर्षांतच मिटला. एफसी पुणे सिटीच्या नारिंगी सदऱ्यांतल्या पोरांनी ढोल बडवून आवाज बसवून घेतला, आणि २०१९ साली त्यांचा संघच नाहीसा होऊन त्याची जागा हैदराबादने घेतली. त्या मुलांना कुणी विचारले नव्हते. याउलट कोल्हापुरात जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार समोरासमोर आले की अख्ख्या पेठा रिकाम्या होतात. तिथे पैसा ब्लॅकबर्नच्या मानाने काहीच नाही. पण पास चुकलेला खेळाडू रात्री त्याच गल्लीत राहायला जातो, आणि मंडळाच्या अध्यक्षाला सकाळी चहाच्या टपरीवर दहा जणांना जाब द्यावा लागतो. तिथे तिसऱ्या पिढीतला पोरगाही त्याच पेठेचा झेंडा घेऊन स्टँडमध्ये चढतो. पुणे ते कोल्हापूर अंतर पाच तासांचे आहे; क्लब म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला इंग्लंडलाही जायची गरज नाही.

इंग्लंडला जाण्याची गरज दुसऱ्या कारणासाठी आहे.

इवूड पार्कवरून जाणारा बोल्टन रोड दक्षिणेला डार्वेन गावाकडे जातो. अंतर चार-पाच किलोमीटर. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले महात्मा गांधी या डार्वेनला जाऊन राहिले होते. स्वदेशीच्या चळवळीने लँकेशायरच्या कापडाची भारतातली मागणी घसरली होती, गिरण्या बंद पडत होत्या, हजारो हात रिकामे झाले होते. त्या बेकार गिरणी कामगारांना गांधीजी प्रत्यक्ष भेटले. बहिष्कार मागे घेतला नाही. भारतातल्या गरिबीची हकीकत सांगितली आणि त्यांची हकीकत ऐकून घेतली. गिरणीतल्या बायकांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले, तो फोटो आजही पाहायला मिळतो. नकार घेऊन आलेल्या माणसाला त्या भागातल्या लोकांनी असा मान दिला. आपण तर त्यांच्यासाठी पैसे खर्च केले आहेत.

म्हणून मागणे साधे आहे. मालक इवूडवर फार क्वचित दिसले, ही तिथली जुनी तक्रार आहे. ती दूर करणे आपल्या हातात आहे. वर्षातून एकदा खुली सभा घ्या, आधी ठरवून दिलेल्या प्रश्नांची नव्हे, खरी. रोव्हर्स ट्रस्ट ही समर्थकांची संस्था तिथे आहे. तिच्या प्रतिनिधीला संचालक मंडळाच्या बैठकीत जागा द्या. २०२५च्या इंग्लिश कायद्याने समर्थकांशी सल्लामसलत आता बंधनकारकच केली आहे, मैदान, रंग आणि बिल्ला यांना संरक्षण दिले आहे. त्या कायद्याखालच्या नियामकाचे पत्र येण्याची वाट न पाहता हे आपणहून केलेत तर त्याचा अर्थ तिथे वेगळा होईल. महिला संघाबद्दलचा निर्णय पुन्हा तपासा. क्लब विकण्याचा विचार असेल, तर तोही मोकळेपणाने सांगा आणि गावाशी नाते असलेल्या खरेदीदाराला आधी संधी द्या. विकायचा नसेल तर पुढल्या पाच वर्षांत काय करायचे आहे, ते सांगा. उत्तर त्यांच्या मनासारखे नसले तरी चालेल.

चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, घरच्या मैदानावर २३ सामने असतात. त्यांतला एक निवडा, शक्यतो शनिवारी दुपारी तीनचा, कारण टीव्हीच्या ओढाताणीत उरलेली समर्थकांची तीच हक्काची वेळ आहे. खास पाहुण्यांच्या काचेआड न बसता नदीकडच्या जुन्या रिव्हरसाइड स्टँडमध्ये बसा. पाऊस असेल, छत्री-कोट जवळ ठेवा. शेजारचा म्हातारा माणूस पहिली दहा मिनिटे बोलणार नाही. मग तो विचारेल, आणि बराच वेळ विचारत राहील. आणि एक विनंती: येण्याची तारीख गुपचूप ठेवू नका, लँकेशायर टेलिग्राफमध्ये पंधरा दिवस आधी जाहीर करा, म्हणजे ज्यांनी वर्षाचे तिकीट सोडून दिले आहे त्यांनाही ती कळेल.

आपला,
एक पुणेकर फुटबॉलप्रेमी